उझबेकिस्तान सेफ आहे का, आणि लोक खरंच इतके चांगले आहेत का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुम्ही, तुमची ६८ वर्षांची आई आणि कॉलेजातली मुलगी अशा तिघीच ऑक्टोबरमध्ये ताश्कंद-समरकंद-बुखारा करायचं म्हणताय, ग्रुपबरोबर न जाता आपलं आपण, आणि वाचून वाचून डोकं फिरलंय कारण निम्मे लोक लिहितात की इतकी प्रेमळ माणसं जगात कुठं नाहीत आणि निम्मे लिहितात की एअरपोर्टपासूनच लुटायला सुरुवात होते. वर घरातून "ते अफगाणिस्तानला लागून ना?" हे आहेच. मी बरीच वर्षं मध्य आशियात मराठी ग्रुप घेऊन जातोय, तर जरा सविस्तर सांगतो.

आधी उत्तर. जा, बिनधास्त जा. तिघी बायका म्हणून अडेल असं काही नाहीये. पण ते निम्मे-निम्मे लोक दोघंही खरं बोलतायत, आणि गोंधळ कुठं होतो तर आपली मंडळी दोन हिशोब एकातच मांडतात. कुणी चहा पाजला की देश सेफ, इमिग्रेशनवाला खेकसला की देश बेकार. माझ्या अनुभवात तिथं त्रास झालेले बहुतेक लोक हे चांगल्या माणसांच्या भरवशावर गाफील राहिलेले होते, चोराच्या तावडीत सापडलेले फार थोडे.

रिव्ह्यू वाचताना पहिल्यांदा तारीख बघा. २०१६ पर्यंत इस्लाम करीमोव्ह राष्ट्राध्यक्ष होते, तेव्हा पोलीस मेट्रोच्या दारात पासपोर्ट बघत बसायचे, मेट्रोत फोटो काढायला बंदी होती (ती २०१८ ला उठली), आणि पैसे बदलायचे म्हणजे बाजारात पिशवीतून नोटांची बंडलं घेऊन फिरणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची, कारण सरकारी भाव आणि काळ्या बाजारातला भाव यात जवळपास दुपटीचा फरक होता. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारनं सोमचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, भाव मोकळा सोडला आणि तो धंदाच बसला. आता बँकेत नाहीतर हॉटेलजवळच्या मशीनवर बदला, एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, आणि कुणी कानात कुजबुजत भाव सांगायला आलं तर सरळ पुढं चला. सांगायचं काय, तर दहा वर्षांपूर्वीचा "पोलिसांनी छळलं" वाला रिव्ह्यू तेव्हा खराच होता, आज त्यावरून तिकीट कॅन्सल करू नका. उलट आता समरकंद-बुखाऱ्यात खास टुरिस्ट पोलीस फिरत असतात आणि त्यातली बरीच पोरं इंग्रजी बोलायचा सराव करायलाच टुरिस्ट शोधत असतात असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे रिव्ह्यू कुणी लिहिलाय ते बघा. सायकलवर फिरणारा फ्रेंच पोरगा गावागावात लोकांच्या घरी झोपलाय, त्याला देश म्हणजे आदरातिथ्यच दिसणार. बसमधून फिरलेल्या ग्रुपला गाईड, ड्रायव्हर आणि दुकानदार एवढेच उझबेक भेटलेले असतात. आणि एक तिसरा प्रकार आहे, जो आपल्याकडं कुणी उघड बोलत नाही पण मी बोलतो, तो म्हणजे आपल्या देशातून "फक्त मित्र-मित्र" म्हणून चार दिवस ताश्कंदला जाणारे पुरुषांचे ग्रुप. दिल्लीहून विमानानं साधारण तीन तासांत पोचता येतं, दारू मिळते, आणि बाकी काय शोधायला जातात ते तुम्हाला माहितीये. रात्री क्लबबाहेर फसवलं गेलं, बिल अव्वाच्या सव्वा लावलं, टॅक्सीवाल्यानं कुठंतरी नेलं, हे जे किस्से वाचता त्यातले पुष्कळसे इथून आलेले असतात. वेश्याव्यवसाय तिथं बेकायदा आहे, म्हणजे फसलेला माणूस पोलिसांकडंही जाऊ शकत नाही. ह्या मंडळींमुळं काही हॉटेलांत आणि टॅक्सीत आपल्या पुरुषांकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतात, ते मला स्वतःला जाणवलंय आणि चीडही येते. तुम्हा तिघींना त्याची झळ लागणार नाही. आजी बरोबर असली की तिथं सगळी दारं आपोआप उघडतात.

आता विमानातून उतरल्यापासून सांगतो. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, साधारण २० डॉलर, प्रिंट काढून ठेवा. इमिग्रेशनवाला हसणार नाही. दुकानातली बाई हसणार नाही, हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी पण पहिल्या दिवशी हसणार नाही. सोव्हिएत काळाची ती सवय आहे, अनोळखी माणसासमोर उगाच दात काढत नाहीत, त्यात तुमच्यावर राग वगैरे काही नसतो. आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी कुणीतरी पहिल्याच संध्याकाळी म्हणतं की "लोक जरा तुसडे आहेत हो", आणि बुखाऱ्याला पोचेपर्यंत त्याच माणसाच्या फोनमध्ये तिथल्या चार कुटुंबांबरोबरचे फोटो असतात.

टॅक्सी मात्र ऐका. एअरपोर्टच्या दारात घोळका असतो, ते बॅगेला हातच घालतात, आणि जिथं ॲपवर तीस-चाळीस हजार सोम दाखवतं तिथं हे दहा-वीस डॉलर सांगतात. घाबरायचं कारण नाही, आपल्या स्टेशनबाहेरचे रिक्षावाले काय वेगळे. आत असतानाच सिमकार्ड घ्या, यांडेक्स गो हे टॅक्सीचं ॲप टाका, गाडीचा नंबर जुळवा आणि बसा. तिथं अजून एक पद्धत आहे, रस्त्याकडेला हात केला की कुठलीही खासगी गाडी थांबते आणि पैसे ठरवून नेते. स्थानिक लोक सर्रास करतात. तुम्ही करू नका, रात्री तर नकोच. मुलीला सांगून ठेवा की ड्रायव्हर गप्पिष्ट असतात, लग्न झालंय का, मुलं किती, हे प्रश्न पाच मिनिटांत येतात आणि त्यात वावगं काही नसतं, पण टेलिग्रामचा नंबर मागितला तर हसून नाही म्हणायचं, तेवढ्यावर विषय संपतो.

रस्त्यावरची सुरक्षितता म्हणाल तर मला पुण्यापेक्षा बरी वाटते. समरकंदला रेगिस्तान म्हणून जुन्या मदरशांचा मोठा चौक आहे, त्याच्यासमोर रात्री साडेदहाला सुद्धा बायका बाबागाड्या ढकलत फिरत असतात, मेट्रोत कॉलेजच्या मुली एकट्या असतात, लुटालूट फारशी ऐकू येत नाही, खिसेकापू ताश्कंदच्या चोरसू बाजारात गर्दीच्या वेळी असतात तेवढे. खरा धोका गाड्यांचा आहे. सगळीकडं पांढऱ्या शेवरोले, आणि झेब्रा क्रॉसिंगवर तुम्ही पाय ठेवलात म्हणून थांबतीलच असं समजू नका, उजवीकडं वळणारा तर बघतच नाही. आणि त्यांचं ट्रॅफिक रस्त्याच्या उजव्या बाजूनं, म्हणजे आईंची मान सवयीनं चुकीच्या बाजूला वळणार. तिथं हात धरूनच क्रॉस करा. टॅक्सीत मागच्या सीटचे बेल्ट बऱ्याचदा सीटखाली दाबून ठेवलेले असतात, काढायला सांगा, ड्रायव्हर हसेल, हसू द्या.

औषधांबद्दल कुणीच सांगत नाही म्हणून मी सगळ्यात जास्त तेच सांगतो. झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ह्यांच्या बाबतीत कस्टम्स फार कडक आहे. आपल्याकडं डॉक्टर गुडघेदुखीला सहज ट्रामाडॉल लिहून देतात आणि आजी-आजोबा ते डब्यात सुट्टं घालून नेतात, स्ट्रिपपासून कापलेल्या चार-चार गोळ्या, नाव कुठं दिसत नाही. तिथं हाच डबा उघडला तर अर्धा तास प्रश्नोत्तरं, आणि प्रमाण जास्त असेल तर प्रकरण पुढं जातं. आईंची सगळी औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरचं इंग्रजीत टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन बरोबर, आणि ज्या गोळीची शंका असेल ती डॉक्टरांकडून बदलून घ्या. ड्रोनही नेऊ नका, एअरपोर्टवरच अडकतो. मुक्कामाची नोंदणी हॉटेल करतं, पण कुणाच्या घरी राहिलात तर ती यजमानाला करावी लागते आणि गोड बोलणारा यजमान नेमकं तेच विसरतो. पाहुणचार जोरात असतो तेव्हा कागदपत्रं बाजूला पडतात, म्हणून हे विचारायला लाजू नका.

आता पाहुणचारावर येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे असं वाटतं.

एकदा बुखाऱ्यात जुन्या शहरातल्या एका घरगुती गेस्टहाउसमध्ये होतो, मधे अंगण, तुतीचं झाड, भोवती खोल्या. मालकाच्या शेजाऱ्याकडं लग्न होतं. रात्री नऊला तो शेजारी स्वतः आला, छातीवर हात ठेवून वाकला आणि म्हणाला की उद्या पहाटे आमच्याकडं भात आहे, तुमच्या सगळ्या पुरुषांनी यायचं. लग्नाच्या घरी पहाटेच्या नमाजानंतर पुरुषांना प्लोव्ह, म्हणजे तिथला मटण-गाजराचा भात, खायला बोलवायची पद्धत आहे, शेकडो माणसं येतात आणि तासाभरात सगळं आटपतं. आमचे काका लोक सहा वाजता इस्त्रीचे शर्ट घालून तयार. लांबच्या लांब टेबलं, प्रत्येक दोन माणसांत एक परात, वर मटणाचे तुकडे आणि पिवळं गाजर, बाजूला वादक, एक म्हातारा दुवा मागतो, सगळे तोंडावरून हात फिरवतात आणि उठतात. वीस मिनिटं बसलो असू. एका काकांनी पाकीट पुढं केलं तर शेजाऱ्यानं ते परत त्यांच्या खिशात घातलं, आणि चेहरा असा केला की काका ओशाळले. इकडं आमच्या बायका भडकलेल्या, "आम्हाला का नाही?" तर अर्ध्या तासानं त्या घरातल्या दोन सुना आल्या आणि सगळ्या बायकांना आत नवरीच्या खोलीत घेऊन गेल्या, आणि त्यांना परत आणायला मला दोनदा माणूस पाठवावा लागला, बस निघायची वेळ टळून गेली होती. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. आमच्या एका काकूंनी पर्समधल्या टिकल्यांचं पाकीट सगळं तिथंच वाटून टाकलं होतं.

हे मी सुंदर आठवण म्हणून सांगत नाहीये, त्यातले नियम बघा. पुरुषांची पंगत वेगळी, बायकांची वेगळी. पैसे नकोत. वेळेवर उठायचं. पाहुणा म्हणजे राजा, पण काय खायचं, कुठं बसायचं हे यजमान ठरवणार. घरात बोलावलं तर बूट बाहेर, दारापासून सगळ्यात लांबची जागा तुमच्या आईंना देतील, तिथं "नको नको, मी इथंच बसते" करत बसू नका. रोटी हातानं मोडायची, सुरी लावायची नाही, पालथी तर कधीच ठेवायची नाही, त्यांना ते फार लागतं. चहा अर्धाच कप देतील. कंजूसपणा नाही तो, परत परत ओतायला मिळावं म्हणून तसं, काठोकाठ भरला तर तो निघायचा इशारा समजतात. हात मिळवायला पुरुष पुढं आला नाही तर तुम्हीही पुढं करू नका, छातीवर हात ठेवून मान झुकवली की पुरे. जाताना पैशाऐवजी काहीतरी न्या, पोरांना खाऊ, घरच्या बाईला बांगड्या, आपला चहा. चहाची पुडी खूप आवडते.

आणि हा घरातला पाहुणचार आणि बाजारातला "माय सिस्टर, कम कम" वेगळा बरं का. समरकंदच्या सियोब बाजारात बदाम, जर्दाळू, हलवा हातावर ठेवतील, खा खुशाल, पण केशर म्हणून जे स्वस्तात ढीग लावून विकतात ते बहुतेक वेळा करडईच्या फुलाच्या पाकळ्या असतात. विकणारा तितकाच गोड बोलतो, भाव निम्म्यावर आणतो, आजींना खुर्ची देतो, आणि पाकळ्या करडईच्याच राहतात. रेस्टॉरंटात वेटर सॅलडच्या वाट्यांचा ट्रे घेऊन येतो, फुकट वाटतं, फुकट नसतं, घेतलेली प्रत्येक वाटी बिलात येते, रोटीसुद्धा. सर्व्हिस चार्जही बिलात असतो. ह्याला लोक रिव्ह्यूत लूट म्हणतात, मी म्हणणार नाही, तिथल्या लोकांना पण तेच बिल येतं.

भारतातले आहोत म्हटल्यावर जे प्रेम मिळतं ते खरं आहे. "हिंदिस्तान?" विचारतात आणि लगेच राज कपूर, मिथुन, शाहरुख सुरू. साड्या नेसून गेलात तर फोटोसाठी रांग लागेल, सोन्याचे दात असलेल्या आज्या तुमच्या आईंच्या हाताला धरून उभ्या राहतील, आणि ते टुरिस्टांसाठी केलेलं नाटक नसतं कारण त्या स्वतःच फर्गाना नाहीतर कार्शी अशा तिथल्याच गावांहून समरकंद बघायला आलेल्या असतात. ताश्कंदमध्ये लालबहादूर शास्त्रींचा पुतळा आणि त्यांच्या नावाचा रस्ता आहे, ११ जानेवारी १९६६ ला ते तिथंच वारले. आईंच्या वयाच्या लोकांना तिथं भरून येतं, पाऊण तास ठेवा त्यासाठी.

तैमूरबद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो. आपल्यासाठी तो १३९८ ला दिल्ली लुटणारा, तिथं तो राष्ट्रपुरुष. ताश्कंदच्या मध्यात घोड्यावरचा पुतळा, समरकंदला आतून सोनेरी नक्षीनं मढवलेल्या इमारतीत त्याची कबर, नवरा-नवरी फोटो काढायला येतात. आमच्या ग्रुपातल्या एखाद्या काकांना तिथं हमखास इतिहास शिकवायची सुरसुरी येते. गाईड ऐकून घेतात, पण चेहरा बंद होतो आणि दिवसभर मग फक्त पाठ केलेलं बोलतात. राष्ट्राध्यक्षांबद्दल, सरकारबद्दल मतं मागू नका, द्यायलाही नको. पोलीस, सीमा, सरकारी इमारती ह्यांचे फोटो नकोत. टुरिस्टला तो देश सेफ वाटतो त्यामागं पोलिसांचा दराराही आहे, आणि तिथल्या माणसाला तो दरारा आपल्यासारखा सुखाचा नसतो. तसंच "सेफ" सगळ्यांना सारखं नाही, पुरुषांमधले समलैंगिक संबंध तिथं अजूनही कायद्यानं गुन्हा आहेत, तुमच्या ओळखीत कुणी जाणार असेल तर त्यांना हे कळायला हवं.

आईंच्या खाण्याचं. शाकाहारी आहेत असं लिहिलंय. "मांस नको" म्हटलं की ते वरचे तुकडे काढून देतात आणि वाटतं झालं शाकाहारी, भाताखाली मेंढीच्या शेपटीची चरबी आहेच, सूप मटणाच्या पाण्यातलंच आहे. ताश्कंदला तर प्लोव्हवर घोड्याच्या मांसाच्या चकत्या येतात. यजमान मुद्दाम फसवत नाही, त्याच्या मनात मांसाशिवाय पाहुण्याला जेवू घालणं म्हणजे अपमान, म्हणून तो आपल्या परीनं काहीतरी चांगलं घालतोच. तंदुरातला भोपळ्याचा सामसा मिळतो, टोमॅटो-कांद्याचं सॅलड, दही, बटाटे, अंडी चालत असतील तर अंडी, आणि फळं इतकी सुंदर की ऑक्टोबरमध्ये द्राक्ष-डाळिंब-खरबुजावर दिवस निघतो. ताश्कंद-समरकंदला भारतीय हॉटेलं आहेत. पोट बिघडतं ते बहुतेक तेलानं, सरकीचं तेल आणि चरबी आपल्याला झेपत नाही, त्यावर कोल्ड्रिंक प्यायलं की संपलं. तिथले लोक वर गरम ग्रीन टी पितात, तेच करा. नळाचं पाणी नको. थेपले, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू न्या, आणि ट्रेनमध्ये डबा उघडलात तर समोरच्यांना आधी द्या, तिथं एकटं खाणं वाईट दिसतं.

काही झालंच तर पोलीस १०२, ॲम्ब्युलन्स १०३, ताश्कंदला आपली एम्बसी आहे. इन्शुरन्स काढा, ६८ वयाला प्रीमियम थोडा जास्त पडतो पण काढाच.

राहता राहिलं खिवा, जे तुम्ही कंसात प्रश्नचिन्ह टाकून विचारलंय. गाव अप्रतिम, पण बुखाऱ्याहून रस्त्यानं वाळवंटातून जवळजवळ सात तास, मधे जी स्वच्छतागृहं आहेत ती आईंना दाखवू नयेत अशी, आणि गुडघ्याचा त्रास आहे म्हणता, तर ह्या वेळी सोडा. त्याऐवजी बुखाऱ्याला एक रात्र वाढवा, जुन्या शहरातलंच घरगुती गेस्टहाउस घ्या, तळमजल्याची खोली मागा, कारण वरचे जिने भयंकर उभे असतात. ताश्कंद-समरकंद अफ्रोसियाब ही वेगवान ट्रेन साधारण सव्वादोन तासांत पोचवते, ऑक्टोबरची तिकिटं भराभर संपतात त्यामुळं बुकिंग उघडल्या उघडल्या घ्या. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट आणि तिकीट बघतात, तर तिघींचे पासपोर्ट एकाच पर्समध्ये न ठेवता ज्याचा त्याच्याकडं असू द्या. आईंच्या गोळ्यांची नावं पाठवलीत तर त्यातली कुठली तिथं अडकू शकते ते बघून सांगतो.